भाषा सोपी करा, प्रश्न सोपा करू नका

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ जमेल तेवढे काढलेत. जे राहिलेत ते राहू द्या.)

आजचा विषय एका प्रश्नावरून आलाय. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं होतं: चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे, घरी गोरमाटी बोलतात, आईवडील ऊसतोडीला जातात. तोंडी गणित घातलं की बाकीच्यांच्या आधी हिचं उत्तर तयार असतं, पण पेपर अर्धा कोरा. हिला शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसवावं का? शाळेतले बाकीचे म्हणतात, “आधी तिला नीट मराठी वाचायला येऊ दे, मग बघू.”

आज आपण या एका वाक्याबद्दल बोलणार आहोत. ‘आधी भाषा येऊ दे, मग बघू.’ ऐकायला किती समंजस वाटतं ना? पण याच वाक्याने किती हुशार मुलं मागच्या बाकावर बसवली जातात, ते बघूया.

आधीच सांगतो, मी शिक्षणतज्ज्ञ नाही. बी.टेक. करून पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण चूक नेमकी कुठे आहे हे शोधायचं काम रोज करतो, आणि हा प्रश्न मला तसाच वाटतो. उत्तर चुकलंय हे दिसतंय. बिघाड विचारात आहे की भाषेत?

४८ लिहिणारं मूल

एक गणित घेऊ. ऐकताय ते गाडी चालवत नसाल तर कागद घ्या.

“एका टोपलीत काही आंबे होते. त्यांतले निम्मे विकले. उरलेल्यांपैकी एक तृतीयांश सडले. शेवटी ८ आंबे शिल्लक राहिले. तर सुरुवातीला टोपलीत किती आंबे होते?”

उत्तर २४. निम्मे म्हणजे १२ विकले, उरले १२. त्यांतले एक तृतीयांश म्हणजे ४ सडले, राहिले ८.

आता समजा एका मुलाने ४८ लिहिलं. तुम्ही फुली मारणार, बरोबरच आहे. पण ४८ आलं कसं ते बघा. या मुलाने ‘उरलेल्यांपैकी’ हा शब्द सोडून दिला आणि एक तृतीयांश सगळ्या आंब्यांचे धरले. मग अर्धा अधिक एक तृतीयांश, म्हणजे पाच षष्ठांश गेले. एक षष्ठांश उरला, तो ८. म्हणून एकूण ४८. वेगळ्या छेदांची बेरीज, एकातून वजाबाकी, मग उलटं येऊन एकूण संख्या काढणं, हे सगळं बरोबर. अडलं फक्त एका शब्दावर.

शेजारच्या मुलाने ८ ला २ ने गुणून १६ लिहिलं. त्यालाही फुली. गुणपत्रकात दोघं सारखे. पण पहिल्याला एक शब्द शिकवायचाय आणि दुसऱ्याला अपूर्णांक. दोघांनाही ‘कच्चे’ म्हणून एकाच उजळणीच्या तासाला बसवलं, तर पहिला दोन दिवसांत कंटाळेल, तिसऱ्या दिवशी दंगा करेल, आणि आपण म्हणू, “बघा, लक्षच नाही अभ्यासात.”

जुन्या फॉन्टमधली मराठी फाईल कधी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली आहे? कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाईप केलेलं पत्र, आणि समोर तो फॉन्ट नाही. स्क्रीनवर नुसता कचरा दिसतो. पण पत्र शाबूत असतं. ते वाचायची सोय आपल्याकडे नसते, एवढंच. ४८ वाल्या मुलाचं तसंच आहे.

फाडफाड बोलतो, मग लिहीत का नाही?

इथे एक मोठा गोंधळ होतो. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल, नंदुरबारकडचं पावरी बोलणारं, गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं, किंवा पुण्यात बांधकामाच्या साईटवर राहणारं कन्नड किंवा तेलुगू घरातलं मूल, वर्ष-दोन वर्षांत मराठी बोलायला लागतं. खेळताना भांडतं, दुकानातून सामान आणतं. आपल्याला वाटतं, आली की भाषा! मग पेपरात कमी पडलं की निष्कर्ष तयार: भाषा तर येते, म्हणजे डोकंच बेताचं.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये या गोंधळाला नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं की भाषा येणं हे दोन प्रकारचं असतं. एक बोलण्याची भाषा. तिथे समोर माणूस असतो, हातवारे असतात, संदर्भ असतो. ही साधारण दोनेक वर्षांत जमते. दुसरी अभ्यासाची भाषा, म्हणजे ‘अनुक्रमे’, ‘किमान’, ‘उर्वरित’, ‘च्या तुलनेत’, ‘यावरून कोणता निष्कर्ष निघतो’. या भाषेत वर्गाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात.

आता हिशोब करा. मूल सहाव्या वर्षी शाळेत आलं. अभ्यासाची मराठी पक्की होईपर्यंत ते अकरा ते तेरा वर्षांचं होणार. आपल्याकडच्या शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या पहिल्या परीक्षा नेमक्या याच सुमारास किंवा त्याआधी येतात. ‘आधी भाषा येऊ दे’ म्हणत थांबलो तर भाषा येईपर्यंत गाडी निघून गेलेली असते.

आणि हे फक्त आदिवासी किंवा स्थलांतरित मुलांचं आहे असं समजू नका. अहिराणी बोलणाऱ्या मुलालाही पुस्तकातली मराठी थोडी परकीच असते. मराठी माध्यमातून सेमी-इंग्रजीत गेलेल्यांना विचारा. काल ‘छेद’ येत होता, आज तोच ‘डिनॉमिनेटर’ झाला. आमच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला मी हे बघितलंय. बोर्डात गणितात ९०-९५ घेऊन आलेली मराठी माध्यमाची मुलं वर्गात तोंड उघडायची नाहीत. रात्री होस्टेलवर तीच मुलं आम्हाला मराठीत सर्किट समजावून सांगायची. दुपारी ११ ते ५ ती हुशार नव्हती का?

शोधायचं कसं?

पहिलं उत्तर सोपं वाटतं: भाषेशिवाय तपासा. जे. सी. रेव्हन यांची आकृत्यांची चाचणी १९३८ पासून आहे. आकृत्यांची मांडणी दिलेली असते, एक जागा रिकामी, तिथे काय येईल ते ओळखा. वाचायचं काही नाही.

आपल्याकडे नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत हे तत्त्व बऱ्यापैकी उतरलंय. एकूण ८० प्रश्न, १०० गुण. त्यांतले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, मानसिक क्षमता चाचणीचे, आणि ते सगळे आकृत्यांचे. उरलेले अंकगणित आणि भाषा, प्रत्येकी २० प्रश्न, २५ गुण. पेपर बऱ्याच भाषांमध्ये मिळतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. नवोदयची सुरुवात १९८५-८६ मध्ये ज्या दोन शाळांपासून झाली, त्यांतली एक आपल्या अमरावतीची, दुसरी हरियाणातल्या झज्जरची. म्हणजे गोरमाटी बोलणाऱ्या मुलीला निम्म्या पेपरात तरी मराठी आडवी येत नाही. ताई, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतोय.

पण त्या हॉलपर्यंत तिला कोण नेणार? फॉर्म कोण भरणार? आणि ‘कुणाला बसवायचं’ हे कोण ठरवणार?

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाची काउंटी आहे. तिथे हुशार मुलांचे वेगळे वर्ग होते. त्यात कुणाला तपासायचं हे शिक्षक आणि पालक सुचवायचे. निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी वंशाची, पण हुशार ठरलेल्या तिसरीच्या मुलांत त्यांचं प्रमाण जेमतेम २८ टक्के. २००५ मध्ये त्यांनी ठरवलं की सुचवणं वगैरे राहू दे, दुसरीच्या सगळ्याच मुलांना आकृत्यांची छोटी चाचणी देऊ. त्यात वर आलेल्यांची मग सविस्तर तपासणी.

काय झालं? लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांत हुशार ठरण्याचं प्रमाण २ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं. कृष्णवर्णीय मुलांत १ वरून ३ टक्के. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी याचा अभ्यास केला. कार्ड म्हणजे ज्यांना २०२१ मध्ये दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं तेच. मुलं तीच, शाळा त्याच. इतके दिवस त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. पुढे २०१० मध्ये पैशांची तंगी आली, सगळ्यांना तपासणं बंद केलं, आणि फरक पुन्हा होता तेवढाच झाला.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, भाषेशिवाय तपासणं. दुसरी, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, सगळ्यांना तपासणं. ‘जो हुशार वाटतो त्याला बसवू’ म्हटलं की नीट मराठी बोलणारा, सुवाच्य अक्षराचा, हात वर करणारा मुलगाच डोळ्यांसमोर येतो. शिक्षक वाईट असतात म्हणून नाही हो. आपण सगळेच तसे आहोत. इंटरव्ह्यू घेताना आम्हीही चांगलं इंग्रजी बोलणाऱ्याला अर्धा गुण जास्तच देतो.

आकृत्यांच्या चाचणीचं कौतुक केलं तरी तिच्या मर्यादा आहेतच. तशा आकृत्या आधी सोडवलेल्या मुलाला त्या सोप्या जातात, क्लासवाले त्यावरच चालतात. त्यामुळे नवख्या मुलांना आधी चार-दोन आकृत्या करून दाखवायलाच हव्यात. आणि जिची हुशारी शब्दांतच आहे अशी मुलगी यात सापडणारच नाही. आजीकडून ऐकलेली लांबलचक गोष्ट गोंडीत रंगवून सांगणारी, कोडी रचणारी मुलगी आकृत्यांत साधारण असू शकते.

म्हणून डोळे उघडे ठेवून काही गोष्टी टिपायला हव्यात. बँकेत, दवाखान्यात आईवडिलांसाठी दुभाष्याचं काम कोण करतं? डॉक्टर बोलतात एका भाषेत, आईला सांगायचं दुसऱ्या, आणि मधलं जे कळलं नाही ते परत विचारायचं. दहा वर्षांचं मूल हे करत असेल तर ती साधी गोष्ट नाही. नवी भाषा कुणी झपाट्याने उचलली? दोन भाषांवर खेळणारे विनोद कोण करतं? ‘तुमच्यात याला असं का म्हणतात?’ हे कोण विचारतं? या कशालाच गुण नाहीत, पण खुणा पक्क्या आहेत.

शिकवायचं कसं?

समजा मूल सापडलं. आता? इथे पुन्हा तीच चूक होऊ शकते. भाषा कच्ची म्हणून आपण सोपी गणितं देतो. आंब्यांचं गणित काढून टाकतो आणि ‘१२ + ८ = किती’ देतो. भाषेचा अडथळा गेला, पण विचार करण्यासारखंही काही उरलं नाही. करायचं याच्या उलट. भाषा सोपी करा, प्रश्न सोपा करू नका.

तेच आंब्यांचं गणित घ्या. टोपलीचं चित्र काढा. अर्धी टोपली खोडा, बाजूला लिहा ‘विकले’. जी अर्धी उरली तिच्याभोवती पेन्सिलने गोल काढा आणि म्हणा, “हे उरलेले. आता यांतले, फक्त यांतले, एक तृतीयांश सडले.” गणित तेवढंच अवघड राहिलं. मुलीला ते सुटलं, शिवाय ‘उरलेले’ हा शब्दही आला, आणि तो कायमचा आला, कारण त्याच्याशिवाय गणित सुटत नव्हतं. शब्द वेगळ्या तासाला पाठ करून घेण्यापेक्षा असा कामातून आलेला शब्द टिकतो.

दुसरी गोष्ट. विचार कोणत्या भाषेत करायचा ते मुलावर सोडा. वेल्समध्ये केन विल्यम्स नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात एक पद्धत मांडली: एका भाषेत वाचा, दुसऱ्या भाषेत त्यावर बोला किंवा लिहा. तिथे वेल्श आणि इंग्रजी होतं. आपल्याकडे असं करता येईल की दोन गोरमाटी बोलणारी मुलं शेजारी बसवा, त्यांना आपसात गोरमाटीत भांडू द्या, पण वहीत शेवटी मराठीत दोन ओळी लिहायच्या: आम्ही आधी काय केलं, मग काय केलं. भाषांतर करायचं म्हणजे समजल्याशिवाय सुटकाच नाही. शिक्षकाला गोरमाटी यायची गरज नाही, आवाज सहन करायची तयारी हवी!

तिसरी, मला सगळ्यांत आवडणारी. वर्गातल्या भाषा हाच अभ्यासाचा विषय करा. २९ हा आकडा घ्या. मराठीत एकोणतीस, म्हणजे तिसाला एक कमी. हिंदीत उनतीस, तेच. कन्नडमध्ये इप्पत्तोंबत्तु, म्हणजे वीस आणि नऊ. तेलुगूत इरवै तोम्मिदि, पुन्हा वीस आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘सत्त्याण्णव’ऐवजी ‘नव्वद सात’ असं वाचन सुचवलं तेव्हा केवढा वाद झाला होता आठवतंय? वाद बाजूला ठेवा, पण आकड्यांची नावं हे मुलांवरचं खरंखुरं ओझं आहे. कन्नड घरातून आलेल्या मुलाला ‘एकोणतीस’ ऐकून तीसच्या घरातली संख्या वाटली, तर ते गणितात कच्चं नाही.

आता चाणाक्ष मुलांना विचारा: हा ‘एक कमी’चा नियम कुठे मोडतो? मराठीत एकोणनव्वदपर्यंत चालतो, आणि ९९ ला ‘एकोणशंभर’ न होता ‘नव्याण्णव’ होतं. हिंदीत तो आधीच मोडतो, ८९ ला ‘नवासी’. का बरं? तुमच्या घरच्या भाषेत कुठे मोडतो? घरी विचारून या. बघा, ज्याची मराठी कच्ची म्हणून तो मागे होता, त्याच्याकडेच आज वर्गाला हवी असलेली माहिती आहे.

हा खेळ पुढे कुठवर जातो माहितीये? आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाड २००३ पासून होतं, २०१६ मध्ये ते आपल्याकडे मैसूरला झालं. भारतात त्यासाठी पाणिनी भाषाविज्ञान ऑलिंपियाड आहे. तिथे कधी न ऐकलेल्या भाषेतली वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात, त्यावरून नियम शोधायचा. ती भाषा आधी येण्याची अट नाही.

आणि गणिताचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड, जगातली सगळ्यांत कठीण शालेय परीक्षा म्हणा हवं तर, तिथे स्पर्धकाला प्रश्नपत्रिका त्याच्या भाषेत मिळते आणि उत्तरही तो त्याच भाषेत लिहू शकतो. ‘आधी इंग्रजी येऊ दे, मग गणित बघू’ असं तिथे कुणी म्हणत नाही.

“पण पुढे परीक्षा मराठीतच द्यायचीये ना?”

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे. शिष्यवृत्तीच्या ३०० गुणांत प्रथम भाषा आणि तृतीय भाषा मिळून १०० गुण जातात. पुढे दहावी, पुढे इंग्रजी. भाषेला पर्याय नाही. मीही म्हणत नाहीये की मराठी शिकवू नका. उलट जास्त शिकवा. फक्त विचारांना तोपर्यंत दाराबाहेर उभं करू नका. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं. अवघड, मजेशीर गणित हेच तर भाषा शिकायचं सगळ्यांत चांगलं कारण आहे.

दुसरा आक्षेप: “चाळीस पोरं, दोन वर्ग एकत्र, वर जनगणना नि निवडणूक, कुठून वेळ आणू?” हेही कबूल. म्हणून नवं काही सुरू करा असं म्हणत नाही. पेपर तपासताना एकच करा. उत्तर चुकलं असेल तिथे अधूनमधून थांबा आणि चार-पाच मुलांना जवळ बोलवून विचारा, “हे कसं आणलंस?” त्यांच्या भाषेत सांगू दे, बोटांनी दाखवू दे, चित्र काढू दे. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षण असावं असं म्हटलंय. त्याच धोरणात विशेष गुणवत्तेच्या मुलांबद्दलही वेगळे परिच्छेद आहेत. कागदावर ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. वर्गात मात्र कधीकधी तो एकच मुलगा किंवा एकच मुलगी असते.

तर ताई, माझं उत्तर: बसवा तिला जादा तासाला, याच आठवड्यात. नवोदयच्या फॉर्मची तारीख बघून ठेवा, आणि शक्य असेल तर फक्त तिलाच नाही, अख्ख्या वर्गाला आकृत्यांचा एक सराव पेपर द्या. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ती सहा महिने कारखान्याच्या तळावर जाऊ शकते. तेव्हा वही बरोबर द्या, आणि तिच्या घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा की पोरगी हुशार आहे. हे त्यांना आजवर कुणी सांगितलं असेल असं नाही.

बाकी मंडळी, तुमच्या घरच्या बोलीत २९, ८९ आणि ९९ ला काय म्हणतात ते मला नक्की कळवा. मालवणी, अहिराणी, झाडीबोली, कोलामी, काहीही चालेल. पुढच्या भागात ती यादी वाचून दाखवतो. भेटूया!